फायरवॉलवाल्या अक्का

अक्कांच्या घरात शिरताना चपला काढायच्या आधी पिशवी उघडावी लागे. अण्णा नगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी कितीतरी वर्षं भाडेकरू आहे, पण मलाही सूट नव्हती. फाटकाशी खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि कोणी आत आलं की नुसतं हनुवटीनं खुणावायच्या. दुधाच्या पिशव्या त्या दाबून बघत, भेंडीची टोकं मोडून बघत, आणि मी आणलेलं वांगं कानाशी हलवून म्हणत, "हे आतून किडकं अहे. ज्यानं दिलं, त्याला तू आवडत नाहीस." संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही.

अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी म्हणजे पणजीच्या पेटीतून काढलेलं लुगडं, त्याला तमिळचे काठ. नवऱ्याची मद्रासला बदली झाली आणि मी सोलापूरहून इथं आले, तेव्हा माझ्याजवळ दोन ट्रंका होत्या आणि मराठीची बी.ए. होती, दुसऱ्या वर्गातली. ट्रंका लवकर रिकाम्या झाल्या, बी.ए. मात्र मी बरेच दिवस मिरवली. पहिल्याच भेटीत मी या बाईंना सांगितलं, की "अहे" नव्हे, "आहे" म्हणायचं असतं. त्यांनी माझ्याकडे भेंडीकडे बघतात तसं बघितलं. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "तुझं मराठी नवं अहे. बघू, टिकतं की नाही." पुढं दोन वर्षं मी त्यांना सुधारत राहिले, आणि माझी मुलगी बोलायला लागली ती थेट "अहे" म्हणत. आजही तेव्हाची मी आठवले की मला त्या बाईची कीव येते. पदर इतका पिनांनी टोचलेला, आणि नाक केवढं वर.

घरात इंटरनेट आलं ते अक्कांच्या नावावर, खाली आणि वर मिळून एकच. एकदा कोणीतरी फोनवर गोड बोलून त्यांच्या बँकेची माहिती काढायचा प्रयत्न केला. अक्कांनी त्यालाच इतके प्रश्न विचारले की त्यानं फोन ठेवला, पण त्यांची झोप उडाली. त्यांचा मुलगा कोइमतूरला असतो, कॉम्प्युटरमधला आहे. त्यानं एक काळा डबा आणून हॉलमध्ये बसवला. बाहेरून जे काही घरात येईल ते आधी या डब्यातून जाणार. डबा बघणार, पटलं तरच सोडणार. याला फायरवॉल म्हणतात, असं मुलानं सांगितलं. अक्कांचा चेहरा फुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्यासारखं कोणी भेटलं होतं. रोज फोनवर त्या मुलाकडून डबा शिकत राहिल्या. सगळं शिकून झाल्यावर त्यांनी पासवर्ड बदलला आणि मुलालाही सांगितला नाही.

मी तेव्हा पासष्टीची, म्हणजे अक्कल यायच्या आधीची. वर माझ्या खोलीत वाय-फायची छोटी पांढरी पेटी होती, तिला थंडी वाजू नये अशा बेतानं मी क्रोशाचं झाकण विणलं. गुलाबी, कडेला मोती. आयुधपूजेला तिला हळद-कुंकूही वाहिलं. माझी नात मनू तेव्हा नुकतीच माझ्याकडे राहायला आली होती. सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरी, पण काम बहुतेक घरूनच. ते झाकण बघून ती म्हणाली, "आज्जी, हे गुदमरेल." मी म्हटलं, "तुझ्या आईलाही मी असंच टोपडं घातलं होतं, ती कुठं गुदमरली?"

मनू आल्यापासून खालचं-वरचं घर एक झालं. अकराच्या सुमाराला अक्का जिन्यात उभ्या राहून लाडानं हाक मारत, "कण्णू, कापी!" आणि मनू कानातली यंत्रं काढून कॉफीला पळे. ती त्यांना पाटी म्हणे. मला आज्जी आणि त्यांना पाटी, म्हणजे दोन भाषांत दोन आज्या. मला थोडं टोचायचं, पण कॉफी त्यांची खरंच चांगली होती.

आणि नेमकं तेव्हाच नेट मरायला टेकलं. अक्कांनी प्लॅन वाढवून घेतला होता, पैसे तीनशे एमबीपीएसच्या वेगाचे भरत होतो, आणि मनूच्या लॅपटॉपवर येत होतं चाळीसच्या आत. मीटिंगमध्ये तिचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजे, आणि मागून मी पोळ्या लाटताना दिसे तीही लाटणं हवेत धरून थिजलेली. नेटच्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. लाइन ठीक आहे म्हणाला. शेवटी मनूच्या साहेबानं सांगितलं, की सोमवारपर्यंत नेट सुधारा नाहीतर रोज ऑफिसात या. अण्णा नगरहून सिरुसेरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. रोज जाऊन-येऊन पोरीचा भुगा झाला असता. मनूनं मोबाइलवर तिकडच्या मुलींच्या हॉस्टेलांचे फोटो बघायला सुरुवात केली. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

मी खाली गेले. अक्का फाटकाशी होत्या.

"अक्का, तुमचा डबाच नेट अडवतोय."

"माझा डबा चोर अडवतो."

"मग मनू काय चोर?"

"अगो, तुझ्या पेटीवर टोपडं अहे. आधी ते काढ, मग माझ्या डब्याला बोल."

"टोपडं काढते. पण सोमवारनंतर पोरगी सिरुसेरीला हॉस्टेलात जाईल, मग कापी कोणाला देणार तुम्ही?"

अक्का फाटकाकडेच बघत म्हणाल्या, "माझा पोरगा हॉस्टेलला गेला तेव्हां म्हणाला, अम्मा, दर शनिवारी येतो. येतच होता. मग एक शनिवार आड येऊ लागला. मग पाहुण्यासारखा येऊ लागला, कळवून." त्या उठल्या. "तिला बोलव. तिला एक दिवस जायचं तर जाऊ दे. पण माझ्या डब्यामुळं जायचं नाही."

मनू लॅपटॉप घेऊन खाली आली. ती म्हणाली, "पाटी, डबा सोडून मी बाहेरच्या लाइनला सरळ वायर लावून बघते, एकदाच." अक्कांना हे म्हणजे मागच्या दारानं पाहुणा घेतल्यासारखं होतं. तरी त्यांनी मान हलवली. वायर सरळ लागली, आणि वेग आला तीनशेच्या जवळ. तीच वायर डब्यातून आणली, पुन्हा चाळीसच्या आत. आता नाकारायला जागा नव्हती. माझ्या मनात फार आनंद झाला होता, तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही असं मला वाटतं. मनू म्हणते, मी हसत होते.

अक्कांनी चष्मा लावला आणि पदर खोचला. त्या क्षणी त्यांचं वय कुठं गेलं कोण जाणे. मनू भराभर चार गोष्टी बंद करायला निघाली, तर त्यांनी तिच्या हातावर चापट मारली. "एका वेळी एकच. चार बदल केलेस आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं हे तुला कोण सांगणार? तुझी आज्जी?" त्यांनी आधी वायर बदलायला लावली. वेग तोच. जुनी परत लावली. मग मला वर पाठवून टोपडं काढायला लावलं, आणि मी जिन्यावरून ते हातात घेऊन परत येईपर्यंत पुन्हा मोजलं. वेग तोच. "काढलं तेच बरं," त्या म्हणाल्या, "पण गुन्हा त्याचा नाही." मला निर्दोष सुटल्याचा आनंद झाला आणि टोपड्याचा अपमानही वाटला.

मग त्या डब्याच्या आत शिरल्या, म्हणजे स्क्रीनवर. डब्याला त्यांनी एक काम दिलं नव्हतं, जेवढी होती तेवढी सगळी दिली होती. जाहिराती अडव, वाईट जागा अडव, आणि आत येणारं माहितीचं प्रत्येक पाकीट फोडून आत काय आहे ते बघ. एक बंद केलं, मोजलं, फरक नाही. ते चालू करून दुसरं बंद केलं. किंचित फरक. मग पाकिटं फोडायचं काम बंद केलं, आणि आकडा सरसर वर गेला.

मनू ओरडणार तेवढ्यात अक्कांनी ते काम पुन्हा चालू केलं. वेग खाली. पुन्हा बंद. वेग वर. "दोनदा दाखवल्याशिवाय मी कोठं सही करत नव्हते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "बिचारा. एवढासा जीव. जुन्या लाइनीला पुरत होता. माल वाढला आणि मी तपासणी तेवढीच ठेवली. कारखान्यात एकटा माणूस असा उभा केला असता तर मी साहेबाला फाडून खाल्लं असतं."

आता खरी पंचाईत होती. तपासणी सोडून द्यायची हे अक्कांना जमणारं नव्हतं, आणि ठेवली तर पोरगी जाणार. त्यांनी मनूला विचारलं, "तुझ्या कंपनीचा लॅपटॉप. तुझी कंपनी त्यात बघते की नाही, काय येतं काय जातं?"

"बघते पाटी. आमचं सगळं ऑफिसच्या बंद वाटेनंच जातं. तुमच्या डब्याला तसंही आतलं दिसत नाही."

"मग असं बोल की. शिक्का मारून आलेला माल. आमच्याकडं असा माल यायचा, तो आम्ही गोणी फोडून बघत नव्हतो. नंबर बघायचा आणि आत." आणि त्यांनी डब्याला तशी आज्ञा दिली: मनूचा लॅपटॉप तेवढा न फोडता सोड, बाकी घर पूर्वीप्रमाणे. बाकी घर म्हणजे मी. "हिचा फोन मात्र नीट बघ," त्या डब्याला म्हणाल्या. "ही लॉटरी लागली म्हणून कोठंही बोट ठेवते." हे खरं होतं, फक्त लॉटरी नव्हे, बक्षिसातला मिक्सर होता.

सोमवारी मनू मीटिंगमध्ये अजिबात थिजली नाही. साहेबानं घरून काम करायला होकार दिला. हॉस्टेलांचे फोटो मोबाइलमधून गेले आणि अकराची हाक पूर्वीसारखी जिन्यातून येत राहिली.

ती घरी राहिली म्हणून पुढचं निभावलं. एका दुपारी मी देवळात गेले होते आणि अक्का न्हाणीत घसरून पडल्या. मनूनं वरून आवाज ऐकला, मीटिंग तशीच चालू ठेवून धावली. खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्याबरोबर अक्कांनी सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचायला मागितली, तेव्हा आम्हाला धीर आला. पण एकटं राहणं आता शक्य नव्हतं. मुलगा न कळवता आला, दवाखान्यातच झोपला, आणि त्यांना कोइमतूरला घेऊन गेला. निघताना त्यांनी डब्याचा पासवर्ड मनूच्या कानात सांगितला. माझ्या कानात सांगितलं, "हिला चांगलं जेवायला घाल. तुझ्या हातात मीठ जास्त अहे." गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. त्या मात्र मुलानं पट्टा नीट लावला की नाही ते बघत होत्या.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी विचारलं, "काय अक्का, कसं काय?"

"बरं अहे. सून चांगली अहे. नेट इथं फार जोरात अहे." मग म्हणाल्या, "कोण्ही भांडायला येत नाही."

"अक्का," मी म्हटलं, "तुमचं चित्र मधेच अडकतंय."

"कोठं?"

"तोंड आधी हलतं, आवाज मागून येतो. बिघाड तुमच्याच बाजूला दिसतोय."

चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या नाकातल्या बेसरीतला खडासुद्धा चमकताना दिसत होता. मनूनं मला कोपरानं ढोसलं. पण तोवर अक्का खुर्चीत सरसावून बसल्या होत्या, चष्मा चढला होता, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्या मुलाला हाका मारत होत्या, "रे, हातातलं सोड आणि ये इकडं. तुझ्या घरच्या नेटचं काही खरं नाही."