माझ्याआधी मुलुंडला पोचलेली मंगला

या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? वाचून झाल्यावर मनात "काहीतरीच!" असंच येतं. सगळी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात काढली. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून पोरं तिकडे फिरकत नसत, तर मी अख्खा वर्ग नेऊन त्याच चिंचेखाली डबे खायला बसवला होता. त्यामुळे आता मीच हे लिहायला सांगतेय याचं माझ्या सुनेला भारी हसू येतंय. टायपिंग तीच करतेय.

मी अकोटची, अकोला जिल्ह्यातली. मुलगा निखिल आणि सून ऋजुता मुलुंड पूर्वेला राहतात. इतकी वर्षं मी मुंबई पाहिलीच नव्हती. ह्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि माझं घराबाहेर पडणंच संपलं. निखिलच येऊन भेटून जायचा. हे गेल्यावर तो मागे लागला, "आई, एकटी काय करतेस तिथे? ये ना इकडे." शेवटी गेल्या जानेवारीत निघाले, पण मनाशी ठरवून – थोडे दिवस राहायचं, पोराचं मन राखायचं आणि परत. परतीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी मुंबई कशी वाटली? दमट. जानेवारीत पंखा! आमच्याकडे या दिवसांत शाल पांघरून चहा पितात. दुपारी भाजलेला पापड संध्याकाळी मऊ. बाल्कनीतून एका अंगाला नुसत्या बिल्डिंगी, दुसऱ्या अंगाला एकदम मोकळं – मिठागरांचे पाणी साचलेले चौकोन आणि पलीकडे खाडी. वारा फिरला की खाऱ्या चिखलाचा वास. माणसं मात्र सगळी कुठेतरी निघालेली. लिफ्टमध्ये एका मुलीकडे बघून मी आपली हसले, तर तिने कानातला इअरफोन काढून "हं, आंटी, काही म्हणालात?" असं विचारलं. मला काही म्हणायचंच नव्हतं. झोपताना वाटलं, या एवढ्या गावात मला मंगला म्हणून ओळखणारं एकही माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेली आणि मी कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरले. गेटच्या बाहेर एक मालवणी काकी भाजी घेऊन बसतात. मी वाकून जुडी उचलली, तर त्या म्हणाल्या,

"काय ओ बाई, खंय होतात? बरेच दिस दिसाक नाय. गावाक गेल्लात काय?"

मी म्हटलं, "अहो, मी कालच आलेय. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

काकी हसल्या. "मस्करी करतात! ही घ्या तुमची अंबाडी. तुम्ही सांगितलात म्हणून ठेवूक लागलंय, नायतर हयसर कोण घेता ती?"

अंबाडी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली रोजची भाजी. मी पैसे देऊन जुडी घेतली. असेल कुणीतरी वऱ्हाडातलीच बाई, दिसत असेल माझ्यासारखी... एवढ्या मोठ्या शहरात काय अवघड आहे?

पुढच्या वळणावर छोटी बाग आहे. गुडघा दुखायला लागला म्हणून आत शिरले. एका बाकावर माझ्याच वयाच्या बाई बसल्या होत्या, पांढरे आखूड केस, पायात स्पोर्ट्स शूज. मला पाहताच त्या सरकल्या.

"या मंगलाताई! गुडघा काय म्हणतोय?"

आता तर नावसुद्धा! मी तिथेच बसले.

त्या कांबळेबाई. मूळच्या साताऱ्याकडच्या, दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर्ड. हे सगळं मी त्यांना विचारून घेतलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, किती वेळा सांगू? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" आणि नर्सबाईंनी लगेच माझी नाडी धरली.

मी सांगितलं – मी काल आलेय, याआधी मुंबईत पाऊल टाकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून तुम्ही इथे येऊन बसताय. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालायला तुम्हीच शिकवलंत मला. वरून लसणाचं तेल."

"राहता कुठे म्हणून सांगितलं होतं मी?"

"ते कधी विचारलंच नाही. मिठागराच्या बाजूने यायचात, वाटलं तिकडच्याच कुठल्या बिल्डिंगमधल्या."

"एखादा फोटो?"

त्यांनी फोन काढला. बागेतल्या सगळ्या बायकांचा हसरा फोटो होता. मी त्यात नव्हते. "हा तुम्हीच तर काढलात," त्या म्हणाल्या.

मला हसावं की रडावं कळेना. अंबाडी, कण्या, नाव, गुडघा... यातलं काहीही योगायोगाने जमू शकतं, असं मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात कांबळेबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आणि तुमच्या मिस्टरांचं? ते जाताना 'जा' म्हणाले, ते?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. निखिललाही नाही. शेवटच्या दुपारी मी ह्यांना पेज भरवत होते. इतकी वर्षं ज्या तोंडातून एक धड शब्द निघाला नव्हता, त्यातून स्वच्छ आवाज आला – "जा." त्याच रात्री हे गेले. मला वाटलं, वैतागले माझ्यावर. मीच सारखी उशाशी, मीच सारखी मागे, कंटाळले असतील. तो शब्द मी गिळून टाकला होता आणि तो आत रुतून बसला होता.

मी कसंबसं विचारलं, "काय सांगितलं होतं मी त्याबद्दल?"

"तुम्ही म्हणालात, आधी लई लागलं मनाला. मग एक दिवस कळलं, हाकलत नव्हते ते. मोकळं करत होते मला. आता ऊठ, बाहेर पड, जग बघ... एवढं सगळं एका शब्दात बसवलं बिचाऱ्यांनी. असं सांगून हसलात की तुम्ही! मलाच रडू आलं होतं."

मी त्या बाकावर बसून मनसोक्त रडले. परक्या गावात, भर सकाळी. कांबळेबाईंनी पाण्याची बाटली उघडून दिली.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. ऋजुता म्हणाली, "आई, सेम दिसणारी कुणी असेल." निखिल म्हणाला, "तू फोनवर कुणाशी तरी बोलली असशील आणि विसरली असशील." त्याने वॉचमनला विचारलं, आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये चौकशी केली, वऱ्हाडातली दोन घरंही शोधून काढली. एका घरातल्या बाई माझ्यापेक्षा हातभर उंच, दुसऱ्या घरात नुसते कॉलेजचे पोरगे. मी आल्यापासून ती दुसरी मंगला कुणालाच दिसली नाही.

परतीचं तिकीट निखिलने माझ्यासमोरच कॅन्सल केलं. मी हो म्हटलं म्हणून.

आता मला इथे वर्ष होऊन गेलं. भीती म्हणाल तर एकदाही वाटली नाही. उलट कुणीतरी पुढे जाऊन घर झाडून, दिवा लावून ठेवावा, तसं वाटतं. विज्ञानाच्या बाईला हे बोलणं शोभत नाही, पण मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आणि कुठलीच बाजू पुरी पडत नाही. अंबाडीचं उत्तर मिळेल, नावाचं मिळेल... त्या एका शब्दाचं नाही मिळत. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

परवा बागेत मी कांबळेबाईंना विचारलंच, "माझ्याआधी जी आली होती ती आणि मी, आम्ही दोघी वेगळ्या वाटतो का हो तुम्हाला?"

"मी कुठे दोघींना पाहिलंय? मला एकच माहिती."

"अजून काय काय सांगितलं होतं तिने?"

कांबळेबाईंनी बुटाची लेस बांधली आणि माझ्याकडे बघून हसल्या. "पुष्कळ. सगळं आजच सांगू का?"

मी म्हटलं, "नको."

मग आम्ही बागेला एक फेरी मारली.