आधी घर, मग डाव

मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला लागले, त्याच वर्षी तिथल्या करमणूक मंडळाने बुद्धिबळाचं घड्याळ विकत आणलं. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या, वर दोन खुंट्या. आपली चाल झाली की आपली खुंटी दाबायची, की समोरच्याचं घड्याळ चालू. पाच-पाच मिनिटांचा डाव. जेवणाची सुट्टी एवढीशी, तिच्यात डबाही संपवायचा आणि डावही, म्हणून हा झटपट खेळ सगळ्यांना आवडून गेला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या कचेरीत काहीतरी झटपट होतंय याचंच लोकांना अप्रूप होतं.

मला बुद्धिबळ येत होतं. चांगलं येतं असा माझा समज होता. नाशिकला विभागीय क्रीडास्पर्धा व्हायच्या, आणि तिथे जाणाऱ्या चार जणांच्या संघात मला जागा हवी होती. कचेरीने माझं नाव न विचारताच संगीत खुर्चीत घातलं होतं. बायकांसाठी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि रांगोळी. ते नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच नानांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क, भुसावळहून रोज रेल्वेने येणारे, आणि संघाचे कप्तान. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तीन जागा भरल्या आहेत. चौथी रिकामी आहे. पावसाळा संपेपर्यंत माझ्याशी एक डाव जिंका नाहीतर बरोबरीत सोडवा, जागा तुमची. मग कोणी तोंड उघडायचं नाही." बाकीचे हसले. मला वाटलं, ही तर उद्याचीच गोष्ट.

पण मी हरले. दुसऱ्या दिवशीही हरले. रोज हरत राहिले, आणि हरणं नेहमी सारखंच. डाव नुकता रंगात येतोय असं वाटावं तोवर माझी सगळी मोहरी एकमेकांच्या पायात अडकलेली असायची आणि नानांची मोहरी मधल्या घरांत पाय पसरून बसलेली. मग घड्याळाची टिकटिक कानात, आणि वजीर तरी जायचा नाहीतर वेळ संपून घड्याळाची झेंडी तरी पडायची. "आज किती मिनिटं, ताई?" असं डबा धुता धुता कोणी विचारलं की मी डब्याचं झाकण जरा जोरातच लावायची.

नाना मात्र हसत नसत. एकदा म्हणाले, "हरलेला डाव घरी जाऊन परत मांडत जा. जिथे हरलो असं वाटतं, तिथे माणूस हरलेला नसतो. त्याच्या आधीच कुठेतरी हरलेला असतो."

माझं घर धुळ्याला. तिथे आई एकटी राहायची. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी एस.टी. पकडायची. खिडकीची जागा मिळाली की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटायचं. गिरणेचा पूल ओलांडला की केळीच्या बागा मागे पडत, पाळधीनंतर ऊन अंगावर यायचं, आणि एरंडोल येईस्तोवर माझे डोळे मिटायला लागलेले असायचे. झोप नव्हे आणि जागही नव्हे अशा त्या अवस्थेत मी आठवड्याचे डाव परत खेळायची. बाहेर कपाशीचे चौकोन, त्यांच्या शेजारी नांगरून ठेवलेले काळे चौकोन, पुन्हा कपाशी. त्या चौकोनांवरून माझा घोडा जायचा. बांधावर एखादी बाई उभी असायची, तिलाच मी वजीर करायची. नानांचा उंट लांबच्या लिंबापासून तिरपा निघायचा आणि बस वळली की माझ्या राजापाशी येऊन थांबायचा. पारोळ्याला बस थांबली, भजी-भजी असा ओरडा झाला, की ते सगळं विस्कटायचं. मला त्या भजीवाल्याचा फार राग यायचा. मग मी भजी घ्यायची.

आई दारातच विचारायची, "जेवनी का?" जेवले असले तरी जेवावं लागे. मग मधल्या खोलीत, फरशीवर पाणी शिंपडून ती पट अंथरायची. तिचा पट कापडी होता, लाल-पिवळा, कडेला टीप घातलेला. तिच्या वडिलांचा. पांझरेकाठच्या गावात दुपारी काम नसलं की ते तिला समोर बसवायचे, कारण त्या वेळी घरात जागं असलेलं दुसरं कोणी नसायचं. आईने त्यांच्याकडून खेळ घेतला आणि मी आईकडून.

आणि तो खेळ देशी. प्यादं पहिल्यापासून एकच घर चालणार. राजा-हत्तीची अदलाबदल करणारं कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला उभ्या डावात एकदा घोड्यासारखी उडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनीही आपापल्या अर्ध्या पटात चार चाली करून घ्यायच्या, दोघांनी एकदमच, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. आई त्याला घर लावणं म्हणायची. आधी घर, मग डाव. दाराशी कोण आलंय ते घर लागल्यावर बघायचं.

घर लावता लावता आमच्या गप्पा चालत. खाली दोघींचे हात आपापलं काम करायचे आणि वर तोंडं. गल्लीत कोणाचं लग्न ठरलं, विहारात कोण भेटलं, कोणाच्या सुनेने काय केलं. तिचा एक प्रश्न ठरलेला होता. "जळगावले पानी येस का रोज?" मी येतं म्हटलं तरी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न. मी चिडायची. "माय, किती खेपा सांगू?" ती उंट उचलून जागेवर ठेवायची आणि ऐकलंच नाही असं दाखवायची.

नानांकडून हरलेले डाव मी तिच्यासमोर मांडू लागले. बाहेरचे नियम तिला मी समजावून सांगितले होते, तिने ते पाहुण्याच्या आवडीनिवडी ऐकाव्यात तसे ऐकून घेतले होते. मी आठवून नानांचं घर लावायची, आई माझं. दोन्हीकडची मोहरी जिथे पोचली होती तिथे एका दमात ठेवून द्यायची, आणि तिथून पुढे एकेक चाल करत डाव बघायचा. आई गालावर हात ठेवून बघायची. "घर तं चांगलं लावेल शे. मंग हारनी कशी?" मलाही तेच कळत नव्हतं. मग आम्ही पुढच्या चालींमध्ये चूक शोधायचो, आणि शोधली की सापडतेच. इथे घोडा मागे घ्यायला नको होता. इथे हत्ती आधी यायला हवा होता. सोमवारी पहाटेच्या बसने मी नवं शहाणपण घेऊन जळगावला जायची, आणि दुपारी पुन्हा तशीच अडकून हरायची.

असा अर्धा पावसाळा गेला. चौथी जागा रिकामीच होती, पण एक-दोघे तिच्याकडे आशेने बघू लागले होते. एका रविवारी मी आईवरच ओरडले. तिच्याकडून शिकले म्हणून हरतेय, असं काहीतरी बोलले. ती नानांच्या बाजूची मोहरी बघत बसली. बाहेर ढगाळ होतं, खोलीत दिवा लावावा की नाही अशी वेळ. मग ती एकदम हसली.

"हाऊ तुना नाना. याले घर लावता येत नही व माय."

"काब्र?" मी कारण विचारलं.

"दर खेपले येगळंच लावस. मांगला रविवारले याना उंट अठे व्हता, आज तठे. तुनं देख, कसं एकच शे. याले काही रीतच नही."

ती नानांची टर उडवत होती. मी पण हसणार होते. हसू ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. माझं घर दर वेळी सारखं होतं, हे खरं. पांझरेकाठच्या माझ्या आजोबांनी लावलं असतं तसंच. आणि नानांचं दर वेळी वेगळं होतं, कारण ते माझं घर बघून लावत होते. मी एक मोहरं ठेवलं की ते बघत आणि त्याला अडवणारं आपलं ठेवत. मी मात्र मान खाली घालून माझी भांडी फडताळात रचत बसले होते. मला वाटत होतं, डाव अजून सुरूच झालेला नाही. आणि घरी येऊन डाव परत मांडताना आम्ही दोघीही नेमका तेवढाच भाग एका दमात उरकून टाकत होतो. जिथे मी रोज हरत होते तो भाग आम्ही एकदाही पाहिलेला नव्हता.

मी सगळी मोहरी पुन्हा पहिल्या जागेवर ठेवली. आईला म्हटलं, आता तू नाना हो. एक चाल तुझी, मग एक माझी. एकदम नाही. पहिल्या चालीपासून.

आईला ते मुळीच पटलं नाही. "मंग हाई तं पहिलेपाईन भांडनच शे," ती म्हणाली. तिचा हात सारखा दुसऱ्या मोहऱ्याकडे जायचा, मी तो धरायची. तिने प्यादं दोन घरं पुढे टाकलं ते असं, जणू कोणाच्या तरी शेतात शिरतेय. पण ती खेळली. त्या रविवारी आणि नंतरच्या सगळ्या रविवारी. नानांनी हे केलं तर मी काय करायचं, ते केलं तर काय. एका चालीवर आम्ही अख्खी दुपार काढली आहे. गप्पा मात्र होत नसत. समोरच्याच्या हाताकडे बघायचं म्हटल्यावर बोलणार कसं? मला तेव्हा ते जाणवलं नाही. मला चौथी जागा दिसत होती.

बसमधल्या पेंगण्यातही फरक पडला. आता चौकोन दोन्ही बाजूंनी यायचे. एक शेत माझ्या खिडकीतून, एक पलीकडच्या. तिकडचं आधी बघायचं, मग इकडचं.

पितृपक्षाच्या सुमारास एका दुपारी नानांशी बसले. पहिल्या चालीलाच मी हात मांडीवर ठेवून घेतला आणि त्यांच्या हाताकडे पाहिलं. मी घोडा बाहेर काढणार होते, तो काढला नाही. नानांनी एकदा वर पाहिलं. त्यानंतर ते वेळ घेऊ लागले, आणि नाना वेळ घेताहेत म्हटल्यावर सगळे डबे सोडून भोवती जमले. शेवटी माझ्याकडे वजीर आणि प्यादं, त्यांच्याकडे त्याहून बरंच जास्त, पण त्यांचा राजा उघडा. मी शह दिला. ते सरकले. परत शह दिला. ते परत पहिल्या घरात आले. आणखी एकदा तोच शह; हे असंच कितीही वेळ चालू राहिलं असतं. नानांनी दोन्ही घड्याळं थांबवली आणि हात पुढे केला. "बरोबरी," ते म्हणाले. मग मागे वळून मोठ्याने, "नाशिकच्या यादीत ताईंचं नाव घाला. आणि त्या संगीत खुर्चीतून काढा."

शनिवारी बसमध्ये मला झोप आली नाही. पारोळ्याला मी भजी घेतली ती आईसाठी. दारातूनच तिला सांगितलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, भजी ताटलीत काढली, आणि नेहमीसारखं जेवूही घातलं.

मग तिने पट अंथरला. मी हात धुऊन येईपर्यंत, नेहमीच्या सवयीने, तिचं घर लागलेलं असणार असं मी गृहीत धरलं होतं. येऊन बघते तो मोहरी पहिल्या जागेवर जशीच्या तशी. आई मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्या हाताकडे बघत होती. अगदी मी नानांसमोर बसले होते तशी.

"घर लाव ना, माय."

"नको. तू चाल. मी देखस."

"आज काय नाना येनार नही. तू लाव."

"आते तशी रीत नही ना," ती म्हणाली. "मी तुनी रीत शिकी गऊ. नही तं तू मनासंगे काब्र खेळशी?"

इतके रविवार मला हेच हवं होतं, समोरच्याकडे बघून खेळणारं कोणीतरी. पण हे माणूस असं माझ्याकडे बघत थांबलेलं मला नको होतं. मला दुसरं काही जमत नाही, म्हणून मी चिडले. चिडून प्यादं एक घर सरकवलं, घोडा काढला, दुसरं प्यादं, मग उंट. एका दमात चार चाली, आजोबांच्या घरासारख्या.

आईने आधी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आते तू लाव," मी म्हटलं.

तिचा हात थोडा वेळ मांडीवरच राहिला. मग तिने तिचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, माझ्या बाजूला न बघता घोडा उचलला, आणि म्हणाली, "जळगावले पानी येस का रोज?"

"येस, माय," मी म्हटलं. "रोज येस."