दंतमंजनाच्या डबीचं शास्त्र

श्री. श्रीकांत दिगंबर खांबेटे. वय शेहेचाळीस. मूळ गाव वाई, सध्या वास्तव्य बेहाला, कलकत्ता. हुद्दा : केंद्र सरकारच्या एका खात्यात अधीक्षक. ओळखीची खूण : सुट्टीच्या दिवशी गळ्यात छोटा कॅमेरा. विशेष नैपुण्य : भिंगावर येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीचा घरगुती साधनांनी बंदोबस्त. सदर नैपुण्याबाबत आजवर एकही तक्रार नोंदलेली नाही.

बदली होऊन आल्यापासून खांबेट्यांचं उन्हाशी वैर होतं. भिंगावर तिरपं ऊन आलं की फोटो धुऊन वाळत घातल्यासारखा पांढुरका येई. आधी त्यांनी काळ्या कागदाची नळी लावून पाहिली. इथल्या दमट हवेत तिने पहिल्याच पावसाळ्यात मान टाकली. मग जुन्या मोज्याचा तुकडा लावला, तर प्रत्येक फोटोत त्याचे धागे. शेवटी १९७३च्या जानेवारीत दंतमंजनाच्या पत्र्याच्या डबीचं बूड कापलं आणि ती भिंगाभोवती फिट्ट बसली. फक्त आतून पत्रा चकाकत होता. तो काळा करायला खांबेट्यांनी रंगाचं दुकान गाठलं नाही. बायकोच्या काजळात बोट घातलं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात खललेलं घरचं काजळ. इतका काळा रंग बाजारात मिळत नाही, हे मात्र खरं.

डबीचा हा खटाटोप आईसाठी होता. शकुनबाई, वय चौऱ्याहत्तर, कलकत्त्याला पहिल्यांदाच आल्या होत्या. जन्मात एकही फोटो नाही. "फोटो काढला की माणसाला भिंतीवर जायची घाई होते," असं म्हणून प्रत्येक लग्नात त्या नेमक्या वेळी स्वयंपाकघरात असत. पण परतीच्या आदल्या दिवशी बराकपूरच्या घाटावर त्या आपणहून म्हणाल्या, "काढ बाबा एकदाचा. पण मागे गंगा दिसली पाहिजे. नाहीतर वाईत कोणाला खरं वाटायचं नाही."

गंगा पश्चिमेला. चारचं ऊन पाण्यावरून थेट कॅमेऱ्यात. खांबेट्यांचा चेहरा उजळला. ते पायरीवर बसून डबीला काजळाचा शेवटचा हात देऊ लागले.

"अहो, तुमची ती डबी चढेपर्यंत एक तुमचाच काढते," म्हणून शैलाताईंनी नवऱ्याकडून कॅमेरा घेतला.

"अगं, काचेवर ऊन येतंय तुझ्या," म्हणत सासूबाईंनी आपली छत्री वर धरली.

"आई, छत्रीने भागत नाही. याला शास्त्र लागतं."

"लागू दे. शास्त्राला मंजनाचा वास येतोय तुझ्या."

खटका दाबला. मग डबी चढली आणि उरलेले अकराही फोटो आईचे निघाले. बघायची खिडकी भिंगाच्या वर, वेगळी. तिच्यातून आई गंगेसकट स्वच्छ दिसत होती. तापलेल्या पत्र्यावरून खाली भिंगावर काय उतरतंय, ते त्या खिडकीतून दिसायची सोय नव्हती.

आई वाईला परतल्यावर आठ दिवसांनी बेहालाच्या स्टुडिओवाल्या निताईबाबूंनी पाकीट पुढे केलं.

"खांबेटेबाबू, लेन्स में क्या लगाया था? घी?"

खांबेटे हसले. पहिला फोटो त्यांचाच, लख्ख. दुसरा काळा. तिसरा काळा. सातव्यात एक करडा डाग होता. ती गंगा असेल किंवा आईचं लुगडं. बारावा बघून त्यांनी काउंटरवर हात टेकले.

"जरा बत्ती जलाइए," ते म्हणाले.

बत्ती लागलेलीच होती.

"पुढच्या खेपेला काढू," शैलाताई म्हणाल्या. खांबेट्यांनी आईला तसं पत्रही टाकलं. ते पोचायच्या आत वाईहून तार आली. चार शब्दांची. खांबेटे ती उलटून पाठीमागे बघत राहिले, तिथे आणखी काही लिहिलं असेल म्हणून.

मग थोरल्या भावाचं पत्र आलं : आईचा फोटो तुझ्याकडे आहेच, मोठा करून लवकर पाठव.

तरी नोंद करण्यात येते की, काढलेले फोटो बारा, पैकी स्पष्ट एक. त्यात खांबेटे हातात डबी धरून हसत आहेत. वरच्या कोपऱ्यात छत्रीची कड आली आहे आणि ती खाली ओढून धरणारी आईची दोन बोटं.