गोजराबाईच्या गिरणीतलं इंजिन

ओझरच्या कारखान्याचं विमान डोक्यावरून गेलं तरी आता मी खुरपं थांबवून वर बघत नाही. रोजचंच झालंय ते. पण गोजराबाईच्या गिरणीत जायचं म्हटलं की आजही उंबऱ्याशी चप्पल निघते. माझी नातवंडं हसतात. हसू द्या. त्यांनी ती दिवाळी बघितली नाही.

गोजरा माझी चुलतबहीण. दिली ती गावातच, त्यामुळे तिचं सगळं माझ्या डोळ्यांपुढचं. नवरा ऐन उमेदीत गेला आणि मागं राहिली एक पिठाची गिरणी. लोक म्हणाले, बाईमाणूस काय गिरणी चालवणार? तिने चालवली. नुसती चालवली नाही, दगडाला टाकीसुद्धा स्वतःच्या हातानं लावायला शिकली. टाकी लावायची म्हणजे छिन्नी-हातोडी घेऊन दगडाच्या तोंडावर तिरक्या चऱ्या पाडायच्या. दगड फिरला की त्या चऱ्यांतून पीठ बाहेर सरकतं. हे काम करायला बाकीच्या गिरण्यांवर बाहेरून माणूस यायचा. आमची गोजरा पदर खोचून बसायची आणि तासाभरात दगड असा तयार करायची की त्यावर हात फिरवला तर मांजराच्या जिभेवरून फिरवल्यासारखा वाटावा.

शहाण्णव सालची गोष्ट. पोळा झाला आणि गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आम्ही त्याला डीपी म्हणतो. नवा यायला दोन-तीन महिने लागतील असं कळलं. शेतीची ओरड होतीच, पण गोजराची गिरणीही बंद पडली. लोक दळणाचे डबे टेम्पोत टाकून पिंपळगावला जाऊ लागले. आणि आमच्याकडे रीतच अशी, की दिवाळीचं दळण ज्या गिरणीवर गेलं, वर्षभराचं दळण तिथंच जातं. भाजणी एकदा पिंपळगावला दळली की गहू-बाजरीही तिकडेच जाणार.

गोजरा मला म्हणाली, "केरूदादा, दिवाळीपोत्तर गिरणी फिरली नाय, तर दगड विकून नाशकात पोळ्या लाटायला जाईन. कुणाच्या दारात बसून खाणार नाय."

मी काय देणार? माझ्याकडं गाजराची वाफं आणि झेंडू, वीज नव्हती.

आता झुंबर. हा तिचा धाकटा दीर. हायवेला त्याचं गॅरेज होतं. त्याला एकच वेड, स्वतःच्या हातानं गाडी बनवायची. गॅरेजच्या मागं एका जुन्या जीपचा सांगाडा सहा वर्षं इंजिनाची वाट बघत उभा होता. त्याच पावसाळ्यात एक डिझेलवरची अँबॅसिडर हायवेच्या मोरीत पडून पार चेपली. माणसं वाचली, गाडी नाही. मालक झुंबरला म्हणाला, "तुला काय कामाचं निघंल ते काढून ने." झुंबरनं अख्खं इंजिन गिअरबॉक्ससकट काढलं आणि गॅरेजपुढच्या लिंबाखाली पोत्यावर ठेवलं.

झालं! सगळं गाव सल्ला द्यायला तिथं. आमचा शेजारी भिकन म्हणाला, "झुंबर, माझ्या विहिरीवर बसव, पाणी धो-धो पडंल."

"तुझ्या विहिरीत पाणी हाय का आधी?" झुंबर म्हणाला.

मीही गेलो होतो. मला मनातून वाटत होतं, गोजराच्या गिरणीला द्यावं. पण सहा वर्षांचं वेड माणसाकडून कसं मागायचं? आणि गोजरा तर एका शब्दानं बोलली नाही. ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

एका दुपारी झुंबर वहिनीकडं पाणी प्यायला गेला, तर बंद गिरणीत छिन्नीचा आवाज. ठक ठक ठक. गोजरा टाकी लावत बसलेली.

"वहिनी, महिना झाला गिरणी फिरली नाय. टाकी कशाला?"

"डीपी आज आली तं? गिऱ्हाइकाला काय सांगू भाऊजी, थांब, दगड निजलाय?"

झुंबर तसाच परत गेला. पाणीही प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून इंजिन आणि गिअरबॉक्स गोजराच्या दारात आले. भिकन ओरडला, "अरं, तुझी गाडी?" झुंबर म्हणाला, "गाडी काय, पळून जातेय व्हय?"

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो, लपवत नाही. इंजिन बसवायला सिमेंटचा पाया घालायचा होता. झुंबर त्याचं तोंड मावळतीकडं करत होता. मी आडवा आलो. म्हटलं, यंत्र झालं तरी घरात येतंय, त्याची पूजा व्हायची, तोंड उगवतीलाच पाहिजे. झुंबर म्हणाला, "दादा, दगडाच्या हिशोबानं..." मी म्हटलं, "हिशोब तुझा, शास्तर आमचं." चार म्हातारे माझ्या बाजूनं. बिचाऱ्यानं ऐकलं. उगवतीला तोंड करून बोल्ट सिमेंटात पक्के केले आणि आठवडाभर पायाला पाणी मारलं.

वसुबारसेच्या सकाळी चाचणी. नारळ फुटला. गाडीतला गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी असायचा, तो काढून झुंबरनं तिथं हातभर सळई जोडली होती. रेडिएटरऐवजी पाण्याचा पिंप. इंजिन सुरू झालं, पहिला गिअर पडला, पट्टा फिरला, दगड फिरला. बायका डबे घेऊन रांगेत. गोजरानं गहू ओतले.

पीठ येईना. थोडा रवा पडला, तोही करपल्यासारखा गरम. मग जळका वास सुटला.

गोजरानं चिमूटभर तळहातावर घेतलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाली, "बंद करा. दगड उलटा फिरतोय. चऱ्या पीठ बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढतायत."

झुंबरनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिथल्या तिथं विरघळलो. "दादा, तुमची उगवती!" इंजिनाचं तोंड मावळतीला असतं, तर दगड सुलट फिरला असता. एवढंच ते.

फिरण्याची दिशा बदलावी म्हणून त्यानं पट्ट्याला पीळ घालून बघितला. खोली एवढीशी, पट्टा पट्ट्यालाच घासून धूर निघाला. पाया फोडून नवा घालायचा तर पुन्हा आठ दिवस. सगळ्या चऱ्या उलट्या अंगानं पाडायच्या तर दगडाचं निम्मं तोंड झिजवायचं. आणि दिवाळी दारात. रांगेतून एक डबा उचलला गेला, मग दुसरा. गोजराच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. मी पायाच्या कडेला बसून राहिलो.

गोजरा इंजिनापाशी गेली. त्या सळईवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? ही गाडी होती ना?"

"होती."

"मंग हिला मागं जाता येत नसंल का?"

झुंबर म्हणजे इतकी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस! एकदम त्यानं कपाळावर हात मारला, क्लच दाबला आणि सळई ओढून मागचा गिअर टाकला.

इंजिन तेच, पण आवाज बदलला. एसटी फलाटातून मागं येताना घुमते ना, तसा. दगड थरथरला, फिरला. पहिली मूठ करपट पडली. मग फडक्यावर पीठ यायला लागलं. पांढरं, मऊ, कोमट. गोजरानं हात खाली धरला आणि तसाच धरून ठेवला. गेलेले डबे आपोआप रांगेत परत आले. मला काय झालं कोण जाणे, मी चप्पल काढली.

त्या दिवाळीला पंचक्रोशीचं दळण आमच्या गावात झालं. पिंपातलं गरम पाणी बायका अभ्यंगाला कळशीनं घेऊन गेल्या. पुढं लाईट गेली की तेच इंजिन चालायचं, आणि दर वेळी मागच्याच गिअरात. सळई उसळू नये म्हणून गोजरा ती सायकलच्या ट्यूबनं बांधून ठेवायची. विमानवाल्या कारखान्यातला एक फिटर बघायला आला होता. तो म्हणाला, असं कुठल्या पुस्तकात नाही. म्हटलं, कसं असेल? पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी दळण अडलं नव्हतं.

आणि झुंबरची गाडी? त्या सांगाड्यावर पुढं दुधीभोपळ्याचा वेल चढला. पण गोजरानं भाऊबीजेला त्याच्याकडं ओवाळणीत एकच मागितलं होतं. म्हणाली, "त्या चेपलेल्या गाडीची पुढची शीट आणा." त्यानं आणली. तिनं ती इंजिनाशेजारी, सळईला हात पोचेल अशी सिमेंटच्या पायाला ठोकून घेतली.

झुंबर अजून दर दिवाळीला तिथं बसतो. लाईट असली तरी पहिलं दळण इंजिनावरच होतं. दळणाला आलेली पोरंसोरं विचारतात, "झुंबरनाना, कुठं निघाले?"

"आलोच," म्हणतो, आणि मागचा गिअर टाकतो.