मेलेलं विरजण

दौंड जंक्शनावर आजवर उतरलेल्या माणसांत आमच्या दाजींइतकं विक्षिप्त पात्र दुसरं नसेल. कुरकुंभच्या औषध कारखान्यात जंतू तपासण्यात हयात गेली आणि ती खोड घरी आली. लग्नाच्या पंगतीत हे खिशातून स्वतःचा चमचा काढणार, तोही उकळून आणलेला. माझी थोरली बहीण, अक्का, निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवायची, तर हे आतून ओरडत, "अगं, तळहातावर किती जंतू असत्यात, ठाव हाय का?" कपाळ माझं!

बोलायला विषय एकच, तो उंदरांचा प्रयोग. घातक जिवाणू उकळून मारले, जिवंत पण निरुपद्रवी जिवाणूंत मिसळून उंदराला टोचले, तरी उंदीर मेला. म्हणजे मेलेल्यांचा गुण जिवंतांत उतरला, आणि तो नेणारा पदार्थ डीएनए! हे ते कुणाच्या दहाव्यालाही सांगत. लोक पिंड सोडून यांच्याकडे बघत बसायचे.

गेल्या वर्षी अक्का गेली. मागं राहिलं तिचं विरजण. मूळचं आमच्या आईचं, लग्नात अक्कानं तळेगाव ढमढेऱ्याहून नेलेलं आणि रोज नव्या दुधात लावून जगवलेलं. तर या शहाण्यानं काय करावं? कारखान्यात भांड्यातले जंतू वाफेवर मारूनच भांडं धुतात, त्या सवयीनं वाटी विरजणासकट कुकरात घातली आणि शिट्ट्या काढल्या!

"आईचं दही मारलंत तुम्ही, दाजी!" मी फोनवर बोंबललो.

"मेलं म्हून काय झालं? गुण ऱ्हातोय."

तेव्हापासून डेअरीच्या दह्यात ते मेलेलं विरजण थोडं थोडं कालवून दही लावणं सुरू. मी गेलो की चाखायला मीच. म्हणजे प्रयोगातला उंदीर.

परवा गेलो, तेव्हा मेलेल्या विरजणाची वाटी रिकामी झाली होती. शेवटचं दही त्यांनी पुढं केलं. "उतरला का गुण? खरं सांग."

चाखलं. डेअरीचं, नुसतं आंबट. अक्काच्या दह्याचा मागमूस नाही. "न्हाई, दाजी."

मी बाहेर येऊन बुटाच्या नाड्या बांधल्या, तोच दाजी मागून दह्याचा चमचा घेऊन आले.

"थांब. तसंच निघायचं न्हाई."

अक्काचेच शब्द, अक्काचाच दरडावणीचा सूर. माझा तो बूट हाताळलेला हात त्यांनी ओढला आणि तळहातावर दही ठेवलं. जंतूंचं नावही काढलं नाही. दही डेअरीचंच होतं, पण मला भडभडून आलं आणि मी तळहात चाटूनपुसून साफ केला.