कोटाच्या गुंड्या आणि घोंगडी

फुलाबाईच्या डोळ्यांचं दुखणं असं, की त्यांना गरजेपेक्षा जास्त दिसायचं. पासली गावात भातलावणी चालली असली आणि पलीकडच्या खाचरात कुणी रोप वाकडं रोवलं, तर हिला इकडून दिसायचं. दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. अशा बाईला बोलावून लढाईचा सिनेमा दाखवायचा म्हणजे सिनेमावाल्यांनी आपण होऊन आगीत हात घालायचा.

पण बोलावलं खरं. अडुसष्ट साल, पौष महिना. बासष्टच्या चीनच्या लढाईवरचा सिनेमा भोरच्या थेटरात लागला होता आणि पुढारी साहेबरावांनी दुपारचा एक खास खेळ ठेवला होता. मध्यंतरात भोर-वेल्ह्याच्या जवानांच्या विधवांना लुगडं आणि नारळ द्यायचा होता. फुलाबाईचा नवरा त्याच लढाईत बर्फात गेलेला. दोन एसट्या बदलून धाकटा दीर कोंडिबा तिला घेऊन आला. तिच्या काखेत घडी घातलेली एक काळी घोंगडी होती. कोंडिबानं विचारलं तेव्हा म्हणाली, "त्येंच्या नावाचा खेळ हाय. त्येंची वस्तू नगं का संगं?"

ही घोंगडी घरात कुणी पांघरत नसे. बासष्टच्या भादव्यात नवऱ्याचं पत्र आलं होतं, घोंगडी धाड म्हणून. फुलाबाईनं धनगराकडून नवी विणून घेतली. आता नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची आणि कडक वाळवायची, तेव्हा ती पाणी अडवते. तशीच धाडायला हिचं मन होईना. खळ दिली आणि वर पाऊस हटेना. चार दिवस वाळण्यात गेले, मग पोस्टात पडली. दिवाळीनंतर नवरा गेल्याची तार आली आणि शिमग्याला ते बोचकं शिवलेलं तसंच परत आलं. त्या चार दिवसांनी फुलाबाईला सहा वर्षं पोखरलं होतं. हे कोंडिबाला ठाऊक होतं.

सिनेमा सुरू झाला. आरंभीच एका भारदस्त आवाजानं सांगितलं की ही सारी हकिगत खरी आहे. फुलाबाईला हिंदी अर्धीमुर्धी कळत होती, पण डोळ्यांचं काम चोख चाललं होतं. नायकाच्या डाव्या दंडाला गोळी लागली आणि पट्टी उजव्या दंडाला आली. मघाशी मेलेला मिशीवाला शिपाई पुन्हा बंदूक घेऊन धावला आणि पुन्हा मेला. नायकाच्या कोटाला पाच गुंड्या होत्या, मग चार झाल्या, नदी ओलांडल्यावर परत पाच.

"लढाईत शिंपी बी न्हेला व्हता का रं?" ती मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली.

मग तिचं लक्ष गुंड्यांवरून कोटावर गेलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं. घोट्यापर्यंतचे जाड लोकरी कोट. लोकरीचे हातमोजे. गुडघ्याला लागणारे चामड्याचे बूट. एकूण एक शिपायाला.

मध्यंतराचे दिवे लागले. कोंडिबा मायेनं म्हणाला, "वैनी, बगितलंत नव्हं? येवढे कोट दिलते. दादा उगं घोंगडी मागत व्हता. तुमी आता त्या चार दिसांचं मनातनं काडून टाका."

सहा वर्षांत असं सुटकेचं बोलणं कुणी बोललं नव्हतं. मान हलवली असती तर त्या रात्रीपासून तिला झोप लागली असती. पण मग नवरा खोटा ठरत होता. थंडीनं मरणारा माणूस बायकोकडे उगीच रडगाणं गात होता, असं होत होतं. फुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माजी चूक माज्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येंचा सबूद मी खोटा पडू द्याची न्हाई."

तेवढ्यात तिला पुकारलं. ती पडद्यापुढच्या फळ्यांवर चढली. साहेबरावांनी लुगडं पुढं केलं, तिनं हात पुढं केला नाही. लोकांकडे तोंड करून घोंगडी झटकून उलगडली.

"ह्ये सारं खोटं हाय," ती म्हणाली. "कोट नव्हतं. कोट असतं तर ही कशाला मागीतली असती?"

"बाई, सिनेमा आहे तो," साहेबराव खालच्या आवाजात म्हणाले.

"मग आरंबाला खरं हाय म्हून का सांगितलं?"

आणि तिनं पत्र म्हणायला सुरुवात केली. वाचता येत नव्हतं, पण मास्तरांकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की तोंडपाठ होतं. "हितं थंडी लई. आंगावर सुती कापडं आन येक जर्शी. पायात कापडी बूट, त्ये बी भिजल्यालं. चौगांत दोन कांबळी. घोंगडी धाड. म्या बरा हाय."

मागून एकजण ओरडला, "कुनाचं पत्र?"

फुलाबाई थांबली. घरी ती पत्र इथपर्यंतच म्हणायची. शेवटचा शब्द मास्तरांनी म्हणायचा, कारण तो तिच्या तोंडून निघायचा नव्हता. लग्नात उखाण्यात एकदाच घेतलेलं नाव ते. उभ्या पासलीत कुणी ते तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नव्हतं.

तिनं घोंगडी खांद्यावर घेतली.

"रखमाजीचं," ती म्हणाली. मग मागं बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं म्हणाली, "रखमाजीचं. माज्या नवऱ्याचं."