सँपल फ्लॅटमधला पलंग

सँडीफोर्ड उपनगरातल्या त्या टॉवरला ‘लक्झरी’ म्हणणाऱ्यांची मला आजही कीव येते. चहूबाजूंना क्रेन, चिखल आणि काचेची ऑफिसं. सहा वाजता ऑफिसं सुटली की सगळे लुआस ट्राम पकडून पळायचे, मग तिथं कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. दूध आणायचं तर वीस मिनिटं तंगडतोड. जाहिरातीच्या फलकावर मात्र एक बाई वाईनचा ग्लास धरून हसत होती. कशाला हसत होती, देव जाणे!

तरी आम्ही तिथला नमुन्याचा, सँपल फ्लॅट बघायला गेलो, कारण नवऱ्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकानं कुठं ना कुठं बुकिंग केलं होतं. कुणाकडे जेवायला जा, वरण-भाताआधी घराचे नकाशे समोर यायचे. एवढी शिकली-सवरलेली माणसं, पण टॉवर पुरता उभा राहायच्या आत हे रांगेत उभे. मीही त्यातलीच, उगाच शहाणपणा कशाला सांगू? माझं कारण तेवढं वेगळं होतं. बाबा गेल्यापासून आई कोल्हापूरला एकटी होती. तीन महिन्यांसाठी इथं परदेशात आमच्या भाड्याच्या घरी आली होती, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची. पुढच्या आठवड्यात ती परत जाणार होती. तिनं दरवर्षी यावं, हक्कानं राहावं, म्हणून मला तिला तिची स्वतःची खोली दाखवायची होती.

एजंटच्या केसांना जेल आणि बुटांना आरशासारखी चकाकी. त्याला सगळंच ‘ग्रँड’ वाटत होतं. स्वयंपाकघर ग्रँड, बाल्कनी ग्रँड. समुद्र दिसतो म्हणाला, तोही ग्रँड. पण चवड्यांवर उभं राहून मान डावीकडे वळवली तरच. नवरा चवड्यांवर उभा राहिला, आणि “वा!” म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना.

आईनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

“आई, राहू द्या हो, इथं कुणी काढत नाही,” नवरा कुजबुजला.

“घर कुणाचं का असंना, चपला घालून कसं जायचं?” म्हणत ती अनवाणी आत शिरली. नव्या घराच्या चौकटीला लावायला तिनं कागदाच्या पुडीत कुंकू आणलं होतं. मी तिला आतल्या खोलीकडे नेलं. “ही तुझी खोली.” ती बोटावर कुंकू घेऊन चौकट शोधू लागली, तर खोलीला दार नाही की चौकट नाही! मोकळं मोकळं वाटावं म्हणून सँपल फ्लॅटला आतली दारं-चौकटी लावत नाहीत, एजंटनं सांगितलं. शेवटी तिनं पांढऱ्या भिंतीवरच बोट टेकवलं. एजंटचा चेहरा पहिल्यांदा उतरला, आणि मला फार बरं वाटलं.

“आडव्या होऊन बघा ना, आई,” नवरा म्हणाला. आई संकोचून पलंगावर आडवी झाली. माझी आई जेमतेम पाच फूट. तिच्या टाचा पलंगाबाहेर लोंबकळत होत्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच छोटा करून घेतला होता! खऱ्या मापाचा पलंग टाकला असता तर कपाटाचं दारही उघडलं नसतं. मी एजंटला तसं विचारलं. तो हसून म्हणाला, सगळं ग्रँड होईल. नवऱ्यानं बुकिंगची सही करायला खिशातून पेन काढलं होतं. “अगं, करू काहीतरी. सगळे घेतायत,” तो म्हणाला. माझा पारा चढला. “आईला काय भिंतीला टांगून ठेवणार आहेस?” मी ओरडले, आणि त्या लबाडाला चार शब्द सुनावायला वळले.

आईला इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे एजंटशी झालेलं बोलणं तिला समजलं नव्हतं. भांडण आपल्या उंचीवरून चाललंय असं तिला वाटलं. ती घाईनं उठून बसली.

“भांडू नका गं. पलंग चांगलाय. मी पाय पोटाशी घेऊन झोपीन की. तीन महिने सोफ्यावर तशीच झोपतेय, काय बिघडलं?”

नवऱ्यानं पेनाला टोपण लावलं. एजंटला लबाड म्हणायला वळलेली मी आईच्या चपला आणायला दाराकडे गेले.